शेपूट नसलेलं कौतुक

शुक्रवार, ४ जुलै २०२५

आज स्पृहाच्या शाळेत हजेरी लावून आलो. मुख्याध्यापिकाबाईंनी बसवलं, पाणी दिलं, आणि तिसरीतल्या मुलीबद्दल असं बोलायला लागल्या की जणू ती येरवड्याहून पॅरोलवर सुटून आली आहे.

वर्गात एका मुलीने कविता म्हटली, तेव्हा आमची कन्या म्हणाली, "छान म्हटलीस. आता खाली बसलीस तर अजून छान." पुढच्याच आठवड्यात शेजारच्या मुलाच्या चित्राखाली हिने 'हा हत्ती आहे' असं लिहिलं, बघणाऱ्याचा गैरसमज नको म्हणून. मला हसू आवरेना. आठ वर्षांच्या पोरीला हे सुचतं म्हणजे बुद्धी आहे, आणि ती आमच्या घराण्यात आहेच. बाईंना हसू आलं नाही. पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. तो मुलगा "तूच घाण" म्हणाला, तर ही त्याच्या दंडाला चावली. रक्त आलं. त्याला इंजेक्शन द्यावं लागलं.

निकाल असा लागला: शाळेत शनिवारी पालकांसाठी एक वर्ग सुरू होतोय, मुलांचं वागणं सुधारण्यासाठी आईबापांचं प्रशिक्षण. दहा शनिवार. दोघांपैकी एकाने यायचंच. पहिलं सत्र संपेपर्यंत स्पृहा सुधारली तर ठीक, नाहीतर दाखला घेऊन जा.

"म्हणजे आजार मुलीला आणि औषध बापाला?" मी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. एवढंच.

माझ्या बायकोचं, कादंबरीचं, ऑफिस हडपसरला. आमचं घर वारज्यात. जाण्या-येण्यात तिचे तीन-साडेतीन तास जातात, घरी पोचते साडेआठला. माझी पहिली शिफ्ट, साडेतीनला घरी. म्हणून स्पृहाचा अभ्यास माझ्याकडे, तसा हा वर्गही माझ्याच गळ्यात. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासतो. दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हा माझा पेशा. आता माझी खोट काढायला कोणीतरी बसणार, बघू कोण ते.

वर्गासाठी रोज एक फॉर्म भरायचा आहे म्हणे. तो भरेन. ही वही माझी. खरं काय ते इथे.

शनिवार, १२ जुलै

पहिला वर्ग. अकरा आया आणि दोन बाप. दुसरा बाप कोंडीराम, शिवणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. शिकवणाऱ्या सत्यशीलाबाई अमरावतीकडच्या, पन्नाशीच्या. आवाज मऊ आहे, पण नजर आपल्यावरून हलत नाही.

पहिला धडा: रोज दहा मिनिटं मुलाबरोबर खेळायचं. खेळ त्याने निवडायचा. त्या दहा मिनिटांत शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम सोडायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. मूल जे करतंय ते फक्त मोठ्याने बोलून दाखवायचं.

"म्हणजे क्रिकेटचं धावतं समालोचन," मी म्हणालो. सगळे हसले.

बाई पण हसल्या. म्हणाल्या, "अगदी तसंच. फक्त समालोचकाने फलंदाजाची लाज काढायची नाही."

ओळख करून देताना कोंडीराम सरळ म्हणाला, "म्याडम, म्या तर पोराला हानतो. दुसरं काय येतच न्हाई मला." निदान खोटं बोलला नाही. आमच्या घरात स्पृहाला आजवर कोणी बोट लावलेलं नाही. हे फॉर्मवर मी ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली.

रविवार, १३ जुलै

खेळ: ठोकळे. निवड: स्पृहाची.

"स्पृहा लाल ठोकळा ठेवते आहे. स्पृहा त्यावर निळा ठेवते आहे." चार मिनिटं मी हे केलं. आकाशवाणीवर बाजारभाव वाचतात तसं वाटत होतं, पण ती मात्र माझ्याकडे बघून बघून ठोकळे ठेवत होती. मध्येच एक हिरवा उचलून माझ्या तोंडासमोर धरला, मी 'हिरवा' म्हणावं म्हणून. म्हणालो. खूश झाली.

मग मला राहवलं नाही. "स्पृहा आता बिनखिडक्यांचं घर बांधते आहे. आतल्या लोकांना श्वास घ्यायची सवय नसावी."

तिने पायाने घर पाडलं आणि आत निघून गेली. विनोद कळायलाही वय लागतं. एकूण सहा मिनिटं झाली होती. फॉर्मवर दहा लिहिली.

गुरुवार, १७ जुलै

गणिताच्या चाचणीत वीसपैकी सतरा. मी विचारलं, "बाकीचे तीन बसमध्ये विसरलीस का?" स्पृहा हसली. तिला माझं बोलणं कळतं. आमच्या दोघांचं हे जे आहे, ते कुठल्या वर्गात शिकवता येणार नाही.

शनिवार, १९ जुलै

आजचा धडा कौतुकाचा. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "कौतुक करा, पण त्याला शेपूट लावू नका. 'छान केलंस'च्या पुढे 'पण' नको. 'रोज असं केलंस तर किती बरं' नको. 'आज सूर्य कुठून उगवला' हे तर नकोच नको." शेवटच्या वाक्याला सगळा वर्ग खाली बघून हसला. प्रत्येकाच्या घरचंच होतं ते.

मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला कोंडीराम. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सायेब, तुमी मगाशी मला खुर्ची वढून दिली. बरं वाटलं मला." आणि थांबला. संपलंच त्याचं.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "तुमचा शर्ट छान आहे. इस्त्री पाहिली असती तर त्यालाही बरं वाटलं असतं."

आजूबाजूचे हसले, तोही हसला. वर्ग संपेपर्यंत अधूनमधून शर्टावरून तळहात फिरवत होता. साधा माणूस आहे.

घरचा अभ्यास दिलाय: आपल्या आईवडिलांनी आपलं कौतुक कधी केलं होतं, ते त्यांना जाऊन विचारा.

रविवार, २० जुलै

कसब्यात नानांकडे गेलो. आई गेल्यापासून दोन खोल्यांत एकटेच असतात. अठ्ठ्याहत्तर वय, पण पेपरातल्या चुका अजून लाल पेनाने खुणा करून ठेवतात.

"नाना, लहानपणी तुम्ही माझं कौतुक कधी केलं होतं?"

पेपर खाली आला. "कशाबद्दल?"

मला पटकन काही सुचेना. "दहावीला ब्याऐंशी टक्के मिळाले होते."

"हो. त्या केदारला अठ्ठ्याऐंशी होते."

"सत्तावीस वर्षं झाली, नाना. तुम्हाला अजून आठवतंय?"

"चांगल्या गोष्टी लक्षात राहतात," नाना म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर गेला.

आम्ही दोघेही हसलो. आमच्याकडे प्रेम असंच असतं, त्याची जाहिरात करत नाहीत. फॉर्मवर लिहिलं: 'कौतुक झालं असावं, प्रसंग आठवत नाही.'

परत येताना शनिवारवाड्याजवळ सिग्नलला उभा होतो, तेव्हा वर्गातला तो केदार आठवला. त्याचा चेहरा, त्याची लाल सायकल, त्याच्या घरी निकालाच्या दिवशी वाटलेले पेढे. त्याच्या वडिलांनी मलाही एक दिला होता आणि पाठीवर थाप मारली होती. ब्याऐंशी म्हणजे थोडे नव्हेत, म्हणाले होते. हे फॉर्मवर लिहायचं का, कळलं नाही. ते काही माझे वडील नव्हेत.

शनिवार, २ ऑगस्ट

आज शिकवलं की मूल लक्ष वेधायला कुरकुर करतं, आदळआपट करतं, तेव्हा तिकडे दुर्लक्ष करायचं. कुरकुर थांबली की लगेच लक्ष द्यायचं. हे मात्र माझ्या पसंतीचं आहे. काहीच करायचं नाही आणि त्याचेही गुण मिळतात.

मंगळवार, ५ ऑगस्ट

प्रयोग केला. साडेचारला मी वाचत बसलो होतो. स्पृहा खुर्चीशी येऊन उभी राहिली. "बाबा." मी लक्ष दिलं नाही. "बाबा, बघ ना." नाही दिलं. रडका सूर लावला, बाही ओढली, "बाबा, बाबा, बाबा." मी पान उलटलं. वीस मिनिटं घड्याळ लावून बसलो होतो.

शेवटी थांबली. तशीच उभी राहिली थोडा वेळ, मग आत गेली. साडेआठला कादंबरी आल्यावर कळलं की स्पृहाचा वरचा दात पडला होता आणि तो तिला दाखवायचा होता. मुठीत धरून उभी होती म्हणे.

मग सांगायचं ना तोंडाने. फॉर्मवर लिहिलं: 'प्रयोग यशस्वी. कुरकुर बंद.'

शनिवार, १६ ऑगस्ट

सत्यशीलाबाईंनी माझा फॉर्म वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, "आमोद, दुर्लक्ष कुरकुरीकडे करायचं असतं. मुलीकडे नाही." मी म्हणालो, तुमच्या हस्तपत्रिकेत तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. त्यांनी वहीत टिपून घेतलं. चूक मान्य करतात, हे आवडलं.

आता नवा अभ्यास: खेळाची दहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि आपण काय काय बोललो ते घरी मोजून आणायचं.

शनिवार, २३ ऑगस्ट

माझ्या दहा मिनिटांचा हिशेब: हुकूम एकतीस, प्रश्न चौदा, कौतुक दोन, विनोद नऊ. फॉर्मवर विनोदाला रकाना नाही. मी हाताने आखला.

बाईंनी ते नऊ विनोद एकेक करून ऐकले. चेहरा हलला नाही. मग माझा रकाना खोडला आणि नऊही वाक्यं 'चूक काढणे'खाली टाकली. मी वाद घातला. "स्पृहा हसते आहे, ऐका ना!" रेकॉर्डिंगमध्ये तिचं हसू स्पष्ट ऐकू येत होतं.

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही हसल्यावर एका सेकंदाने हसते. दर वेळी."

मी म्हणालो, फोनमध्ये आवाज जरा मागेपुढे होतो. विनोदबुद्धी नसलेल्या माणसाला विनोद पटवून देता येत नाही. कोंडीरामने त्याचे हुकूम मोजून आणले होते, बावन्न. मला बरं वाटलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पुन्हा शाळेत. या वेळी कादंबरीही रजा काढून आली. एक मुलगी बाकावरून पडली, तेव्हा स्पृहा तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "वा! जमीन कशी आहे, बरी आहे ना?" त्या मुलीने हिचे केस ओढले. हिने तिचा कान चावला. दोन टाके पडले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की आता एक जरी असा प्रकार झाला तर सत्र संपायची वाट बघणार नाहीत.

घरी कादंबरीने स्पृहाला मांडीवर घेतलं. आता मांडीत मावत नाही, तरी घेतलं. "का केलंस, बाळा?"

"मी आधी गंमत केली होती," स्पृहा म्हणाली. "गंमत केली की हसायचं असतं. ती हसलीच नाही."

कादंबरी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, मुलीचं अगदीच चूक नाही, हल्लीच्या पोरांत सहनशक्ती म्हणून उरलेली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी होती. रडली असावी. मलाही भीती वाटते आहे, हे इथे लिहून ठेवतो. स्पृहाला शाळेतून काढलं तर 'त्या चावणाऱ्या मुलीचे आईबाप' म्हणून दुसऱ्या शाळांच्या दारात उभं राहावं लागेल.

रविवार, १४ सप्टेंबर

कंपनीने राजकोटला पाठवलं, एका पुरवठादाराचा माल सतत नापास होतोय म्हणून. तेरा दिवस. नेमकं आत्ता! कादंबरीची थोरली बहीण श्यामलाताई हडपसरहून आमच्याकडे राहायला आल्या आहेत. निघताना मी त्यांना चार पानं भरून सूचना दिल्या, फॉर्म कसा भरायचा ते दोनदा समजावलं. "बरं," म्हणाल्या. त्या कशालाही बरंच म्हणतात.

शुक्रवार, १९ सप्टेंबर, राजकोट

पाच दिवस, एकही तक्रार नाही. स्पृहा फोनवर 'हो' आणि 'नाही'च्या पुढे जात नाही. आज श्यामलाताईंनी फोन घेतला. "स्पृहाने पोळी लाटली. नकाशा झाला. मग आम्ही नकाशाच खाल्ला."

स्पीकर चालू होता. मी म्हणालो, "कुठल्या देशाचा? नाही म्हणजे, सरहद्दीवरून वाद नको."

पलीकडे कोणी काही बोललं नाही. मला वाटलं लाइन गेली.

मंगळवार, २३ सप्टेंबर, राजकोट

नऊ दिवस, तक्रार नाही. उलट वर्गशिक्षिकेने वहीत चांदणी दिली: 'नव्या मुलीला वर्ग दाखवला.' शनिवारी माझ्याऐवजी कादंबरी वर्गाला गेली होती. कसा झाला विचारलं तर म्हणाली, "तू ये, मग बोलू."

पद्धत लागू पडली! एवढे शनिवार घासले त्याचं फळ दिसायला लागलं. औषधाला वेळ लागतो, पण लागू पडतं. मी उगीच सत्यशीलाबाईंवर शंका घेतली. परत गेलो की तोंडावर कबूल करीन.

शनिवार, २७ सप्टेंबर

काल रात्री परतलो, आज वर्गात तक्ता घेऊन गेलो. जुलैपासूनचा, एका पानावर, तक्रारीचे दिवस लाल आणि शांत दिवस हिरवे. शेवटचा पट्टा सलग हिरवा. कंपनीत असा तक्ता लावला असता तर साहेबांनी चहा पाजला असता. "तुमची पद्धत मानली," मी म्हणालो.

सत्यशीलाबाईंनी हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "या दिवसांत घरी कोण होतं?"

"मावशी. मी राजकोटला होतो."

"आणि या लाल दिवसांत?"

"मी."

मग मी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?"

"मी काही म्हणत नाही. तुमच्याच कामातलं विचारते. एक कामगार रजेवर गेला आणि तेवढे दिवस एकही नग खराब निघाला नाही, तर तुम्ही काय समजता?"

"माझी मुलगी म्हणजे गाडीचं बुशिंग नव्हे," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण बायका बघायला लागल्या.

"तेच तर," बाई म्हणाल्या.

तेवढ्यापुरतं त्यांना निरुत्तर केलं. पण गाडीवर बसल्यावर किल्ली लागेना. कोंडीराम मागून आला आणि काही न बोलता किल्ली फिरवून गाडी चालू करून दिली.

सोमवार, २९ सप्टेंबर

ठरवलं की आता त्या बाईंना करूनच दाखवतो. स्पृहा चित्र घेऊन आली. टेकडी, झाडं, एक मोर. मी म्हणालो, "मोर छान काढलास." आणि तोंड बंद केलं.

ती उभीच. "पुढे?"

"पुढे काही नाही. छान काढलास."

"नाही, सांग ना पुढे." ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. माझ्या तोंडाकडे बघत होती, डॉक्टर सुई भरत असताना आपण बघतो तशी. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर स्वतःच म्हणाली, "रंग बाहेर गेलाय ना? आणि पाय कोंबडीचे झालेत."

पाय खरंच कोंबडीचे झाले होते. "हो, थोडे," माझ्या तोंडून गेलं.

तिने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि चित्र घेऊन गेली. मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. कोणाचा राग आला ते मात्र ठरवता येत नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सुट्ट्या वगळून आज दहावा शनिवार. प्रमाणपत्रं वाटली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बापांची जात कशी अडाणी यावर दहा मिनिटं बोललो, सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. एक आई डोळे पुसत म्हणाली, तुम्ही रंगमंचावरच जायला हवं होतं.

मग कोंडीराम उठला. "दोन म्हैनं झालं, पोराला हानलं न्हाई. दोनदा हात उचलला हुता, पर खाली घेतला. आता त्यो माज्या जवळ येऊन झोपतो. बास." आणि खाली बसला. कोणी हसलं नाही. टाळ्या मात्र त्यालाच जास्त पडल्या.

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितलं, स्पृहा शाळेत राहील. मी परत आल्यापासून एक चिठ्ठी आली आहे, पण ती नुसती बोलण्याची आहे, चावण्याची नाही. जिंकलो. घरी येऊन कादंबरीला सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. बहिणीचाच वाण.

रविवार, १२ ऑक्टोबर

कादंबरीने स्पृहाला खाली खेळायला पाठवलं आणि समोर बसली.

"दिवाळीनंतर मी तिला घेऊन श्यामलाताईकडे राहायला जातेय. हडपसरलाच शाळा बघितली आहे. माझं ऑफिस दहा मिनिटांवर आहे, मी सातला घरी येईन."

"अगं, हा दाखला टाळायला मी इतके शनिवार घालवले!"

"शनिवार तू दिलेस. नाही म्हणत नाही मी. पण आठवड्याला उरलेले सहा दिवस असतात, आमोद."

"मी मारतो का तिला? दारू पितो? दुसऱ्या कोणाचा बाप पोरीला रोज शिकवायला बसतो?"

"नाही मारत. पितही नाहीस." ती अगदी हळू बोलत होती. "मी घरी येते तेव्हा ती पळत येते, पण दारात थांबते आणि आधी तुझ्या तोंडाकडे बघते. तुझं तोंड बरं असेल तरच पुढे येते. तू राजकोटला होतास तेव्हा तेरा दिवस सरळ येऊन मिठी मारत होती. त्या शनिवारी वर्गात हे बोलले आणि मलाच पहिल्यांदा ऐकू आलं."

"मग मला सोडणार?"

"नाही. दर रविवारी ये. तिला आवडेल. तू वाईट बाप आहेस असं मी म्हणतच नाही."

मी म्हणालो, "वा. शेपूट न लावता बोलायला तू चांगली शिकलीस." ती उठून गॅलरीत गेली आणि स्पृहाला हाक मारली.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दाखला आणायला मीच गेलो. जो मिळू नये म्हणून जुलैपासून धडपडलो, तो आज स्वतः अर्ज करून मागितला. मुख्याध्यापिकाबाईंना काही समजेना. "आता तर सगळं सुरळीत झालं होतं!" त्यांनी माझ्यासमोर रकाने भरले. 'वर्तणूक: चांगली.'

मी म्हणालो, "माझी की तिची?"

पहिल्यांदाच त्या हसल्या. बाहेर येऊन स्कूटरवर बराच वेळ बसून होतो. अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, ती पूर्ण दिवसाची झाली.

रविवार, ९ नोव्हेंबर

चार वाजता येतो म्हणून सांगितलं होतं. मगरपट्ट्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, तरी दहा मिनिटं आधीच पोचलो. श्यामलाताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. जाळीचं दार लावलेलं, आतलं उघडं. शेवटच्या वळणावर होतो तेव्हाच हसणं ऐकू आलं. त्यांचे यजमान सुदर्शन मोठ्याने हसत होते, आणि श्यामलाताईही. पायरीवरच थांबलो.

स्पृहा माझी नक्कल करत होती.

हुबेहूब. मी घसा कसा खाकरतो ते, चष्मा कपाळावर सरकवायच्या आधी क्षणभर थांबतो तेही. "अरे वा, काका, पोहे केलेत? आणि यात शेंगदाणे होते का, की त्यांची नुसती आठवण काढली?" माझाच सूर, आठ वर्षांच्या गळ्यातून. सुदर्शन हसून हसून खोकायला लागले.

"आणि हे? हे तुमचं दुकान? छान आहे. गिऱ्हाईक आलं की कळवा, आम्ही बघायला येऊ."

सुदर्शनचं झेरॉक्सचं दुकान खरंच फारसं चालत नाही. ते हसायचे थांबले. श्यामलाताईही थांबल्या. आत एकदम शांत झालं. आणि मी, जो जन्मभर हेच बोलत आलो, तिथे जिन्यात उभा राहून त्या दुकानदार माणसासाठी लाजेने अर्धा झालो. इतकं लागतं हे? इतकं? कठडा धरला. बेलपर्यंत हात नेला नाही. तसाच उलट्या पावली खाली उतरलो आणि गाडी काढली. वारज्यापर्यंत रडत आलो, हेल्मेट होतं म्हणून बरं.

सहाला कादंबरीचा फोन आला. "आला नाहीस? ती दोन वाजल्यापासून तयार होऊन बसली होती. तू यायच्या आधी सगळ्यांना बसवून तुझी नक्कल करून दाखवत होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी रागावले तिला, असं करू नये म्हणून. तर म्हणाली, 'अगं आई, मी त्यांना आधीच सांगून ठेवतेय बाबा कसा बोलतो ते. म्हणजे तो आल्यावर त्यांना वाईट वाटणार नाही, आणि ते त्याला परत यायला नाही म्हणणार नाहीत.'"

मी उठून गॅलरीत गेलो.

"आमोद? ऐकतोयस ना? का नाही आलास?"

"ट्रॅफिक होता," मी म्हणालो.